मागे एक खोली वाढवायची आहे: १९०० रुपये चौ.फूट दराने बजेट बसेल का? (मानेवाडा, नागपूर)

परसदार_मानेवाडा

नमस्कार मंडळी. प्लॉट ३० × ५० चा, घर तळमजल्याचंच, साधारण वीस वर्षांचं, कॉलम नसलेलं, भिंतींवर स्लॅब. मागच्या बाजूला बाहेरून १८ × १३, म्हणजे २३४ चौ.फूट बांधायचं आहे. त्यात १२ × १२ ची खोली, ४ × ७ चं संडास-बाथरूम आणि उरलेल्या जागेत धुणं-भांड्यांची मोरी. वर पुढे मजला चढवायचा नाही. जमीन काळी माती. गडरलाइनचं (सांडपाण्याच्या पाइपचं) चेंबर नेमकं याच जागेत येतं.

ठेकेदार मटेरियलसकट १९०० रु. चौ.फूट सांगतो, म्हणजे ४,४४,६००. हाताशी साडेचार लाख आहेत. पुरतील का? आणि त्याच्याकडून लिहून काय काय घ्यावं?

अंदाजपत्रकवाला

भाऊ, आधी चौरस फुटाचा दर डोक्यातून काढा. तो दर पूर्ण घराच्या हिशोबातून आलेला असतो, लहान वाढीव बांधकामाला तो लागू पडत नाही. २५ × ४० च्या हजार चौ.फुटी घराला बाहेरची भिंत १३० फूट लागते, म्हणजे १०० चौ.फुटांमागे १३ फूट. तुमच्या २३४ ला चौथी बाजू जुन्या घराची धरूनसुद्धा ४४ फूट भिंत आहे, म्हणजे १०० मागे जवळपास १९ फूट. विटा, प्लास्टर, रंग, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची आडवी तुळई), सगळं त्याच प्रमाणात वाढतं. शिवाय संडास-बाथरूमचा खर्च मोठ्या घरात पसरून जातो, इथे तो सगळा २३४ फुटांवर बसतो.

सहा कॉलम (९ × १२ इंच), ४ × ४ फुटांचे फूटिंग (कॉलमखालचा पाया), ५ इंच स्लॅब, बाहेर ९ इंची आणि आतली पार्टिशन साडेचार इंची भिंत, एवढं धरून माल असा निघतो. कॉंक्रीट साधारण साडेदहा घनमीटर, एम-२० (कॉंक्रीटचा दर्जा) ला घनमीटरमागे ८ बॅग, म्हणजे ८४ बॅग. पीसीसी (लोखंड नसलेलं साधं कॉंक्रीट), जुडाई, प्लास्टर आणि टाइल्सखालचा माल मिळवून आणि नासधूस धरून सिमेंट १४५ बॅग. लोखंड ९५० किलो, म्हणजे चौ.फुटाला चार किलोच्या आसपास. विटा ५३०० (फुटीसकट). रेती ५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), गिट्टी साडेचार ब्रास. मुरूम १० ते १२ ब्रास, आणि हा आकडा बहुतेक जण विसरतात, कारण खड्ड्यातून निघालेली काळी माती परत भरायला चालत नाही.

आता पैसे. खालचे दर हिशोबासाठी धरलेले आहेत, तुमच्या दुकानातले दर घालून पुन्हा गुणाकार करा. सिमेंट ३५० ने ५०,७५०. लोखंड ६० ने ५७,०००. विटा ८ ने ४२,४००. रेती ६००० ने ३०,०००. गिट्टी ४००० ने १८,०००. मुरूम ११ ब्रास, २००० ने २२,०००. झाले २,२०,१५०. सेंट्रिंगसकट (कॉंक्रीटखालचा तात्पुरता साचा आणि टेकू) मजुरी ४०० रु. चौ.फूट धरली तर ९३,६००. टाइल्स, दारं-खिडक्या-ग्रिल, नळकाम, वायरिंग, पुट्टी-रंग मिळून १,३०,०००. एकूण ४,४३,७५०.

बघा, ठेकेदाराचा नफा शून्य धरला तेव्हा कुठे त्याचा आकडा जुळतो. फुकट तर कोणी काम करत नाही. म्हणजे कशात तरी कपात ठरलेली आहे, आणि ती बहुधा जमिनीखाली होते, जिथे नंतर बघता येत नाही. यात चेंबर हलवणं, जुन्या-नव्या बांधकामाचा सांधा, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, इंजिनिअरची फी आणि पाण्याचे टँकर यांचे ४५,००० मिळवा. त्यावर १० टक्के राखीव. साडेपाच लाखांच्या थोडं आत येता. पूर्ण ठेक्याने दिलं तर त्याच्या नफ्याचे चाळीस-पन्नास हजार वर.

जुना अंदाज हातात असेल तर एक दुरुस्ती करा: सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

रेती, गिट्टी, मुरूम ट्रॉलीवर मोजून घेता येतात. ट्रॉली आतून १० × ५ असेल तर सपाट दोन फूट भरल्यावरच ब्रास होतो. मधे ढीग आणि कडेला खाली, अशी आलेली ट्रॉली फावड्याने सपाट करून टेप लावा. लोखंड वजनावर घ्या आणि नग मोजा: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरचं वजन. १२ एमएमची १२ मीटरची सळाख १०.६ किलोच्या आसपास, ८ एमएमची ४.७ किलो.

पाया_आणि_मुरूम

वरच्या हिशोबाशी सहमत. मी फक्त जमिनीखालचं आणि सांध्याचं सांगतो, कारण वाढीव खोल्या बिघडतात त्या याच दोन ठिकाणी.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुनं घर वीस वर्षांत बसायचं तेवढं बसलेलं आहे, नवी खोली अजून बसणार आहे. म्हणून दोघांना एकमेकांत अडकवू नका. मिस्त्री म्हणेल, जुन्या भिंतीत खाचा मारून विटा गुंतवू, स्लॅबच्या सळाखा जुन्या स्लॅबमध्ये घुसवू, पक्कं होईल. तसं केलं की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात त्याच रेषेत वरपासून खालपर्यंत तडा जातो. नवं बांधकाम स्वतःच्या कॉलमवर उभं करा. जुन्या भिंतीत आणि नव्या स्लॅब-भिंतीत एक इंच थर्माकोल ठेवा.

जुन्या भिंतीला चिकटून कॉलम घेऊ नका. तुमच्या जुन्या पायाचा दगड भिंतीबाहेर आलेला असणार, चार फुटी फूटिंग तिथे बसणारच नाही, आणि त्याच्या शेजारी खोल खणलं तर जुना पाया उघडा पडेल. आतल्या ओळीचे तीन कॉलम जुन्या भिंतीपासून तीन फूट बाहेर घ्या आणि बीम कॅंटिलिव्हर करून (पुढचं टोक टेकूशिवाय, अधांतरी ठेवून) भिंतीपर्यंत आणा. कॅंटिलिव्हरची मुख्य सळाख वरच्या बाजूला लागते, म्हणून हे ड्रॉइंग इंजिनिअरकडूनच घ्या, अंदाजाने नको. आतल्या ओळीचे खड्डे एका वेळी एकच खणायचे. पीसीसी, जाळी, फूटिंग भरून झाल्यावर पुढचा खड्डा.

किती खोल? मुरूम लागेपर्यंत. आधी एक चाचणी खड्डा कोपऱ्यात घ्या, मगच कोटेशन पक्कं करा. मुरूम फारच खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेला, जमिनीत ओतलेला खोल खांब) हा पर्याय आहे, पण तो खर्च वेगळा.

प्लिंथ बीम काळ्या मातीवर थेट ओतायचा नाही. खाली तीन-सव्वातीन इंच पोकळी हवी, नाहीतर फुगलेली माती बीम उचलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे निघतात. प्लिंथच्या आतला मुरूम सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून भरा. एकदम ट्रॉली रिकामी करून वर पीसीसी टाकली तर वर्षभरात टाइल्स पोकळ वाजतात. बाहेरून भोवती तीन फुटी पीसीसीची पट्टी, बाहेर उतार देऊन.

छतावरचा सांधा: नवा स्लॅब जुन्याच्या चार-सहा इंच खाली ठेवा. त्या बाजूचा जुना छज्जा आधी कापावा लागेल. नव्या स्लॅबच्या कडेला सांध्यालगत सहा इंचांची कॉंक्रीटची उभी कड घ्या. जुन्या भिंतीत त्या कडेच्या वर खाच मारून ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी बसवा, ती कडेवरून खाली उतरली पाहिजे. पट्टी फक्त जुन्या बाजूला खिळायची, नव्या बाजूला मोकळी. दोन्हीकडे खिळली तर सांधा हलताना ती फाटते. उतार जुन्या घरापासून दूर, १०० ला १, म्हणजे १३ फुटांत दीड इंच.

परसदार_मानेवाडा

खूप खूप आभार, डोळे उघडले. नव्या खोलीत जायला मागच्या बेडरूमची ४ फुटी खिडकी आहे, तिथून दार काढायचा विचार आहे. चालेल ना?

नळ_वायर_चेंबर

भिंतीच्या दृष्टीने ते सर्वात चांगलं, ताई/दादा. खिडकीवर लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी पट्टी) आधीच आहे, फक्त सिलखालची (खिडकीच्या खालच्या कडेखालची) भिंत काढायची. भार पेलणाऱ्या भिंतीत नव्या जागी दार फोडणं टाळाच. उंबऱ्यात ग्रॅनाइटची पट्टी एकाच बाजूला चिकटवा, कारण सांधा तिथूनही जातो.

पण त्या खिडकीत कूलर लागत असेल तर? आपल्याकडे हा प्रश्न मे महिन्यात कळतो. जुन्या खोलीची हवा, उजेड आणि कूलरची जागा तिघं एकदम जातात. त्या खोलीला बाजूच्या भिंतीत दुसरी खिडकी असेल तरच हा बेत ठेवा. नव्या खोलीत कूलरची खिडकी आताच ठरवा: बाहेर स्टँड, आत स्विच, अर्धा इंची नळाचं कनेक्शन आणि सांडपाण्याची वाट. हे नंतर करायचं तर टाइल्स आणि प्लास्टर पुन्हा फोडावं लागतं. एसीसाठी वेगळी ४ चौ.एमएमची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी. मंजूर लोड पुरतो का ते महावितरणच्या बिलावर बघा. पंख्याचा बॉक्स आणि स्लॅबमधले पाइप ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः मोजा.

चेंबर खोलीच्या आत ठेवून वर टाइल्स बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुंबल्यावर पहिली टाइल तीच फुटते. चेंबर बाहेर काढा, प्रत्येक वळणावर एक. ११० एमएम पाइपला ४० ला १ उतार, म्हणजे २० फुटांत ६ इंच. म्हणून प्लिंथची उंची ठरवण्याआधी मुख्य लाइनची पातळी लेव्हल पाइपने मोजा. प्लिंथ आधी आणि लेव्हल नंतर, असं झालं की संडास एक पायरी उचलावा लागतो.

लिहून घ्यायचं ते असं: फूटिंगची खोली किती फूट धरली आहे आणि त्याखाली प्रत्येक फुटाला जादा दर किती. पाणी, सेंट्रिंग, मलबा उचलणं कोणाकडे. सळाखांचे व्यास आणि अंतर ड्रॉइंगप्रमाणे, स्लॅब ओतण्याआधी इंजिनिअरची तपासणी. पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला १० टक्के, प्लिंथवर २५, स्लॅबवर ३०, प्लास्टरवर २०, काम संपल्यावर १०, आणि शेवटचे ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर.

सगळ्यात आधी मंजूर नकाशा आणि आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) काढून मागे किती मार्जिन (हद्दीपासून मोकळी जागा) सोडायचं ते आर्किटेक्टकडून बघून घ्या. मागे १३ फूट भरल्यावर मार्जिन उरतच नसेल तर वरचा सगळा हिशोब बदलतो.

अंदाजपत्रकवाला

वेळेचंही धरा. पाया पावसाआधी, म्हणजे जूनच्या मध्याआधी प्लिंथवर आलाच पाहिजे. भिजलेल्या काळ्या मातीत खड्डे ढासळतात आणि पाणी उपसण्याची मजुरी वेगळी लागते. एप्रिल-मेमध्ये स्लॅब असेल तर पहाटे सुरू करा, आळी करून १४ दिवस पाणी उभं ठेवा. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला एवढे दिवस लागतातच. ठेकेदार सेंट्रिंगचं भाडं वाचवायला आठव्या दिवशी बल्ल्या काढू बघेल, पण बीमखालचे टेकू १४ दिवसांआधी हलवू देऊ नका. हे दिवसही कागदावर लिहा.

परसदार_मानेवाडा

मार्जिन तपासलं, आर्किटेक्टने १३ ऐवजी ११ फूट सांगितलं. चाचणी खड्डाही घेतला: साडेचार फुटांपर्यंत काळी, मग पिवळसर माती, त्यात चुनखडीचे पांढरे खडे. ठेकेदार म्हणतो काळी संपली, इथेच थांबू.

पाया_आणि_मुरूम

नका थांबू. ती पिवळी मातीसुद्धा पाण्याने फुगते, काळीपेक्षा कमी, पण फुगते. अजून खणा. पहार मारल्यावर ती खुपसली न जाता दगडाळ थर खणखणला आणि पावड्याला मुरूम लागला की तिथे अर्धा फूट आत जाऊन पीसीसी घ्या. समजा सहा फुटांवर मुरूम लागला तर सहा खड्ड्यांना दीड-दोन फूट जादा खोदाई, तेवढ्याच उंचीचे जादा कॉलम आणि जास्तीचा मुरूम, एवढाच फरक. शिवाय बांधकाम १३ ऐवजी ११ फूट, म्हणजे दोन फुटांनी कमी झालं आहे, म्हणजे १८ × २ = ३६ चौ.फूट स्लॅब आणि ४ फूट भिंत वाचली. ते पैसे इकडे वळवा. पण कॅंटिलिव्हर आणि कॉलममधलं अंतर बदलल्यामुळे ड्रॉइंग नवीन काढून घ्या, जुन्यावर हाताने आकडे खोडू नका.