ऑक्टेन वाढवलं की ताकद वाढते? माझं मत: नाही

चौथा_गिअर (धागाकर्ता)
स्पष्टच लिहितो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त दमाचं पेट्रोल, ही समजूत गाडीवेड्यांच्या डोक्यातून काही जात नाही. पेट्रोलात किती जोर आहे हे तो आकडा सांगतच नाही. आयसोऑक्टेनला १०० धरायचं, एन-हेप्टेनला ०, आणि दाबाखाली आपोआप पेटायला तुमचं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणाइतका विरोध करतं ते चाचणीच्या इंजिनात बघायचं. झालं, एवढाच तो आकडा. ९५ घ्या नाहीतर ९८, किलोमागे उष्णता ४३ मेगाज्यूलच्या आसपासच. इथेनॉलचं तर उलटंच: ऑक्टेन १०८ च्या घरात आणि उष्णता जेमतेम २७ मेगाज्यूल!

माझी गाडी बिनटर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप नसलेली), कॉम्प्रेशन १०:१. एक्झॉस्ट बदलला, रिमॅप करून घेतला (म्हणजे इंजिनच्या संगणकातला इंधन-ठिणगीचा तक्ता, मॅप, बदलून घेतला). एकाच दुपारी एकाच डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी ९५ आणि मग ९८ वर रन काढले. पीक पॉवरमध्ये (कमाल ताकदीत) फरक १ टक्काही नाही. तेवढा तर एकाच पेट्रोलच्या दोन रनमध्येही येतो. मग जास्तीचे पैसे कशाला?

बूस्टखोर
वाक्य न् वाक्य खरं, निष्कर्ष तेवढा चुकला.

आधी इथेनॉल. किलोमागे उष्णता मोजून काय उपयोग? इंजिनात किती हवा जाते यावर सगळं ठरतं, इंधन हवं तेवढं ओतता येतं. किलोभर पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. आता हवेच्या किलोमागे हिशेब करा: दोघंही ३ मेगाज्यूलच्या आसपास. वर इथेनॉल वाफ होताना मिश्रण चांगलंच गार करतं, तो फायदा वेगळाच. म्हणून तर मोठ्या बूस्टवाले (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ई८५ च्या, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनाच्या, मागे असतात. इंजेक्टर मोठे लागतात, हे मान्य.

आता ९५-९८. ठिणगी पडली की ज्योत पसरत जाते आणि तिच्यापुढचं उरलेलं मिश्रण दाबाने तापत जातं. ज्योत पोचायच्या आत ते आपणहून पेटलं की नॉक. तुमचं बिनटर्बो इंजिन ९५ वरच आपल्या सर्वोत्तम टायमिंगला (ठिणगीच्या वेळेला) पोचत असणार. त्याहून ठिणगी आधी टाकली तर टॉर्क घटतोच, मग ९८ करणार काय? टर्बोला रिमॅप करून बूस्ट वाढवला की मात्र त्या टायमिंगला पोचायच्या आधीच नॉक आडवी येते. माझ्याच गाडीच्या संगणकाची नोंद, म्हणजे लॉग, सांगतो: चौथा गिअर, ३००० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. ९५ वर तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग ४ अंश मागे ओढलेलं (नॉक टाळायला ठिणगी उशिरा), ९८ वर शून्य. ते ४ अंश बुडाला जाणवतात हो.

चौथा_गिअर
म्हणजे ताकद मॅपने दिली, पेट्रोलने नाही. मॅपमध्ये ॲडव्हान्स (ठिणगी आधी टाकणं) लिहिलेलाच नसेल तर ९८ भरून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

बूस्टखोर
माझ्या मॅपमध्ये आहे की लिहिलेला. ९५ तो वापरू देत नाही, एवढंच म्हणणं आहे.

तुटका_पिस्टन
तुमचा शब्दांचा कीस चालू द्या, मी माझं सांगतो. गाडी टर्बो, मॅप ९८ चा. एका लांबच्या प्रवासात ९१ शिवाय काही मिळालं नाही. म्हटलं, हळू चालवू. चालवलीही. एका चढावर ट्रक ओलांडताना पाय खाली गेला, तीन-चार सेकंद असेल. आवाज काही आला नाही, संगीत चालू होतं. दुसऱ्या दिवसापासून ऑइल कमी व्हायला लागलं. प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके, मधूनच एखादा चंदेरी. तो चंदेरी ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. उघडल्यावर कळलं, वरच्या दोन रिंगांमधला पिस्टनचा पट्टाच तुटला होता.

यातली गोम पुढेच आहे. डायनोवर आकडा चांगला यावा म्हणून मॅप करणाऱ्याने नॉक सेन्सर जवळजवळ बहिरा करून ठेवला होता. तो शाबूत असता तर ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) टायमिंग मागे घेतलं असतं, गाडी मंद झाली असती आणि मी फक्त वैतागलो असतो.

लॉगवाचक
वरचा प्रतिसाद दोनदा वाचा. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकला घट्ट बसवलेला कान. ८६ मिमी बोअरमध्ये नॉकची लाट साधारण साडेसहा हजार हर्ट्झला घुमते, सेन्सर त्याच पट्ट्यात ऐकतो. व्हॉल्व्हचा खडखडाटही कधी कधी त्यातच येतो, म्हणून ‘खोटी नॉक आहे, बंद करून टाकू’ म्हणणारे बरेच भेटतात. साब या स्वीडिश कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नॉक ऐकून बूस्ट उतरवणारी यंत्रणा टर्बो गाड्यांत दिली होती, ती काय हौस म्हणून?

आणि तुम्ही दोघंही उष्णता विसरताय. पाठोपाठ तिसऱ्या रनला इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) तापलेला असतो. पहिल्या रनला शांत असलेलं इंजिन तेव्हा ९८ वरही खडखडू शकतं.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल एकच. ‘३० पॉइंट वाढ’ म्हणजे बहुतेक वेळा ३ ऑक्टेन, कारण त्यांचा पॉइंट ०.१ चा असतो. आणि बाटलीत मँगनीजचं एमएमटी असेल तर प्लगवर तांबूस थर बसतो. मग प्लग वाचणं विसरा.

साधाचालक
अवांतर: कमी आरपीएमला, पूर्ण बूस्टवर, ठिणगीच्या आधीच पेटतं ते वेगळं ना? डायरेक्ट इंजेक्शन टर्बोवाल्यांना सांगा कुणीतरी.

लॉगवाचक
हो, वेगळं. ती प्री-इग्निशन. तिथे ऑक्टेन फारसं कामी येत नाही, ऑइल बघावं लागतं. कॅल्शियमचे डिटर्जंट जास्त असलेल्या ऑइलमध्ये तिचा धोका वाढतो, म्हणून एपीआय एसपी या ऑइलच्या २०२० च्या दर्जाश्रेणीत तिची चाचणी आहे. १५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरू नका, हा फुकटचा उपाय.

चौथा_गिअर, तुम्ही फक्त पीक पॉवर ताडून पाहिलीत. पीक कितीला येते?

चौथा_गिअर
६४०० ला.

लॉगवाचक
तिथे नॉकला वेळच मिळत नाही, ज्योत आधी पोचते. नॉक खाली, टॉर्कच्या पट्ट्यात बघायची असते. दोन्ही रनचा टायमिंग लॉग आहे का?

चौथा_गिअर
आहे. आत्ता उघडला. ६४०० ला दोन्ही रेषा एकावर एक, म्हटल्याप्रमाणे. २८०० ते ३४०० मध्ये ९५ च्या दोन्ही रनमध्ये २ अंश मागे घेतलेत. ९८ वर नाही. हे मी पाहिलंच नव्हतं.

मत बदललेलं नाही अजून. शनिवारी परत डायनो लावतो, या वेळी टॉर्कची पूर्ण रेषा इथे टाकतो.

बूस्टखोर
९८ आधी घाला आणि इंजिन गार होऊ द्या मधे.