कमिटीचा गाड्यांवर डोळा

सेक्रेटरी भाऊ: पेट्रोलचोरीची नोटीस लिफ्टजवळ लावली आहे. रेल्वेवाले भाडेकरू सगळे बाहेरच्या राज्यातले, म्हणून इंग्रजीत केली. सर्वांनी वाचणे.

नाना (ए 302): वाचली भाऊ. पहिलीच ओळ, ‘द कमिटी हॅज इट्स आय ऑन युवर व्हेइकल्स’. म्हणजे गाड्या कमिटीला पाहिजेत का?

सेक्रेटरी भाऊ: नाना लक्ष आहे असं लिहिलंय, चुकलं काय त्यात

नाना (ए 302): आपण नाही का म्हणत, त्याचा माझ्या वावरावर डोळा आहे. तसंच वाचलं जातंय ते. ताई, तुम्हीच सांगा, बारावीची पोरं शिकवता तुम्ही

ताई (बी 104): नाना बरोबर आहे. हॅव युवर आय ऑन चा लक्ष ठेवणं असाही अर्थ होतो पण वस्तूबद्दल लिहिलं की बहुतेक वेळा ती मिळवायची आहे असंच वाटतं. इथे कीप अ‍ॅन आय ऑन पाहिजे. आणि भाऊ खाली तुम्ही ‘कीप आय आउट ऑन अननोन पर्सन्स’ लिहिलंय ना, त्यात दोन वेगळे प्रयोग एकत्र झालेत, आउट आलं की पुढे फॉर येतं, ऑन नाही, आणि मधला अ‍ॅन पण गाळू नका.

मोठ्या वहिनी (बी 201): दोघांत फरक काय मग? मला तर सारखंच वाटतं

ताई (बी 104): वहिनी तुम्ही गच्चीवर खाटेवर बिबड्या घालता ना, त्या समोर आहेत, त्यांच्याकडे बघत बसायचं ते आय ऑन. कबुतर अजून आलेलं नाही पण येईल म्हणून आभाळाकडे बघायचं ते आय आउट फॉर. गाड्या पार्किंगमध्ये आहेतच म्हणून ऑन, चोर यायचाय म्हणून आउट फॉर.

आप्पा (ए 101): आता समजलं मले. पन डोळा एकच काहून, दोन ठेवा ना, चोर हुशार आहे

ताई (बी 104): हाहा आप्पा, यात एकच. दोन पाहिजे असतील तर कीप युवर आईज पील्ड म्हणा, सोललेले डोळे, आपण डोळ्यात तेल घालतो ते सोलतात. फक्त स्पेलिंग पी डबल ई, ई ए केलं की घंटेचा नाद होतो, माझी निम्मी पोरं तिथेच मार्क घालवतात. नोटिशीत मात्र नको ते, फार गप्पांतलं आहे.

सेक्रेटरी भाऊ: बरं बरं. पेनाने अ‍ॅन घुसवून देतो, आउट ऑन चं आउट फॉर करतो

ताई (बी 104): पेनाने नको हो भाऊ, नवी प्रिंट काढा. पहिली ओळ पण बदलायची आहे

नाना (ए 302): प्रिंट काढाच. आणि माझ्या स्कूटरची टाकी काल रात्री परत रिकामी झाली, ते मराठीतच सांगतो

मोठ्या वहिनी (बी 201): गच्चीवर कोण आहे आत्ता?? बिबड्यांवर कबुतरं बसलीत, मला खालून दिसताहेत