गणपतराव देशमुख आणि सांगोला: दोन पराभवही लक्षात घ्यावेत

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते गणपतराव देशमुखांना कधीच नाकारले नाही, असे म्हटले जाते; हे विधान दुरुस्त करावे लागेल. 1962 पासून ते 11 वेळा निवडून आले हे खरे असले, तरी 1972 आणि 1995 साली त्यांना हार पत्करावी लागली. पहिल्या पराभवानंतर 1974 च्या पोटनिवडणुकीत ते परतले, तर 1995 मध्ये शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवले. त्यांनी 2019 मध्ये स्वतः निवडणूक लढवली नाही आणि त्यांचे नातू अनिकेत उभे राहिले, तेव्हाही त्याच शहाजीबापूंनी 768 मतांनी बाजी मारली. एकगठ्ठा म्हणवला जाणारा हा मतदारसंघ (शेकापचा बालेकिल्ला वगैरे) प्रत्यक्षात बराच चुरशीचा होता.