लॅबमध्ये ओव्हरी बनवली म्हणे, खरं आहे का?

पावसाळी_बेडकी:
नणंदेने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलाय, हार्वर्डने माणसाची ओव्हरी लॅबमध्ये बनवली, आता बायकांना वयाची चिंता नाही वगैरे. माझं वय ३८, एएमएच (बीजांडांचा शिल्लक साठा सांगणारी रक्ततपासणी) कमी आलंय, डॉक्टर म्हणतात एग फ्रीझिंग करायचं तर लवकर ठरवा. माझं सायन्स बारावीपर्यंतच, कोणी सोपं करून सांगेल का, आणि या भरवशावर एखाद-दोन वर्षं थांबावं का?

सूक्ष्मदर्शी:
संशोधन खरंय, फॉरवर्डने त्याला तिखटमीठ लावलंय. २०२३ मधलं काम, हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या लॅबचं. ओव्हरी नाही बनवली हो, ग्रॅन्युलोसा पेशी बनवल्या. या बीजांडाच्या भोवती असतात, त्याला पोसतात आणि इस्ट्रोजेन तयार करतात. स्टेम सेल्समध्ये (या पेशींना वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवता येतं) एनआर५ए१ आणि रंक्स१ किंवा रंक्स२ ही जीन्स चालू केली की पाचेक दिवसांत त्या ग्रॅन्युलोसासारख्या वागायला लागतात, एफएसएच (बीजांडं वाढवायला सांगणारं हार्मोन) दिलं तर इस्ट्रॅडिऑल, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन, तेसुद्धा बनवतात. फक्त त्याचा कच्चा माल, म्हणजे अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन), बाहेरून घालावा लागतो कारण शरीरात तो ओव्हरीतल्याच शेजारच्या थीका पेशी देतात.

मग बीजांडाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या पेशी (त्याही स्टेम सेलपासूनच) यांच्यात मिसळून जो गोळा केला तो ओव्हरॉइड. आता यात विशेष काय, तर मुलगी पोटात असतानाच तिची बीजांडं बनतात, विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६०-७० लाख, जन्मताना १०-२० लाखच उरतात, आणि हे सगळं गर्भात घडतं त्यामुळे बघणार कसं हाच मोठा प्रश्न. २०१८ मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या सायतो यांच्या टीमने उंदराच्या गर्भाच्या ओव्हरीतल्या पेशींबरोबर मानवी पेशी वाढवल्या होत्या, तेव्हा महिनोन्‌महिने लागले, आणि इथे आजूबाजूला माणसाच्याच पेशी असल्यावर तसेच सुरुवातीचे टप्पे काही दिवसांत दिसले. पण पुढे गाडी अडते, फलन होईल असं पक्व बीजांड यातून मिळालेलं नाही.

अर्धवट_माहिती:
पेरूत बाळ झालं ना पण या पेशींमुळे??

सूक्ष्मदर्शी:
झालं की, डिसेंबर २०२४, लिमा. गॅमेटो कंपनीची फर्टिलो नावाची पद्धत. पण तिथे बीजांड आईचंच होतं, कच्चं असताना काढून या पेशींच्या संगतीत लॅबमध्ये पिकवलं. त्यामुळे हार्मोनची इंजेक्शनं १०-१४ दिवसांऐवजी साधारण ३ दिवसच. बाईकडे जेवढी बीजांडं आहेत त्यात भर पडत नाही, हे लक्षात घ्या.

टेस्टट्यूबवाली:
आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय. ताई, एएमएच हे हार्मोन याच ग्रॅन्युलोसा पेशी बनवतात. कमी आलं म्हणजे शिल्लक साठा कमी, बीजांडं खराब आहेत असं त्यातून कळत नाही. दर्जा मुख्यतः वयावर जातो आणि ३८ नंतर एकेक वर्षाने फरक पडतो, तेव्हा या बातमीसाठी थांबू नका. एका वेळी किती बीजांडं निघतील, किती सायकल (बीजांडं काढायच्या फेऱ्या) लागतील आणि दर वर्षी फ्रीझिंगचं भाडं किती, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, आमच्याकडे बऱ्याच जणी ते नंतर विचारतात.

पावसाळी_बेडकी:
बापरे, एवढं सविस्तर! थँक्यू दोघांना. सोमवारची अपॉइंटमेंट घेतेय. आणि पीसीओएसचा अभ्यास होतो का हो या पेशींवर? बहिणीला आहे.

सूक्ष्मदर्शी:
करता येईल, पण पीसीओएसमध्ये थीका पेशी जास्तीचं अँड्रोजेन बनवतात आणि या ओव्हरॉइडमध्ये त्याच नाहीत, म्हणजे अर्धंच चित्र दिसेल.