अनुभव धागा: अडखळत बोलणारं मूल आणि घराण्यातलं 'आधीचं कुणीतरी'

ऋतूची आई, नाशिक
मुलगा तीन वर्षांचा. दिवाळीनंतर "म-म-म-मला" सुरू झालं. कधी कधी तोंड उघडतो, पण आवाजच फुटत नाही. स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात कुणी अडखळायचं का?" मी नाही म्हटलं, सासूबाईही नाही म्हणाल्या. रात्री आत्याबाईंचा फोन आला, "अगं, आपला धाकटा काका पाहुण्यांसमोर तोंडच उघडायचा नाही, शब्द अडकायचा म्हणून." आज तेच काका लग्नकार्यात सगळ्यांत जास्त बोलतात! तुमच्या घरात कोण होतं? सुटलेले, न सुटलेले, दोन्ही अनुभव लिहा.

निवृत्त वाहक, सांगली
माझे वडील अडखळायचे, मी अडखळतो, नातू अडखळतो. मुलगा मात्र नाही. लहानपणी मला वेखंड उगाळून मधातून चाटवलं, तोंडात खडे धरून बोलायला लावलं. काही उपयोग झाला नाही. एसटीत असताना 'मिरज' हा शब्द निघायचा नाही. पण रामरक्षा घडाघडा, आणि सगळ्यांबरोबर आरती म्हणताना तर एकदाही अडकलो नाही.

नातवाला कुणी "सावकाश बोल, श्वास घे" म्हटलं की मी त्यांना थांबवतो. जन्मभर हेच ऐकलंय. ऐकलं की जीभ आणखी जड व्हायची. त्याच्यासमोर मी शब्द बदलून वेळ मारून नेत नाही, अडखळलो तर अडखळलो. आजोबा अडखळतात आणि तरी भाजीवाल्याशी भाव करतात, हे त्याने बघावं असं मला मनापासून वाटतं.

वाचा-उपचार तज्ज्ञ, पुणे
घराण्याचा प्रश्न आम्ही दोष शोधायला विचारत नाही. अडखळणं बहुधा २ ते ५ या वयात सुरू होतं. शंभरातल्या ५ ते ८ मुलांना ते कधी ना कधी होतं आणि बहुतेकांचं सुटतं. मोठ्या माणसांत प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उरतं, त्यात पुरुष जास्त. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एहुद यायरी आणि निकोलीन अँब्रोज यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांच्या नातेवाइकांचं अडखळणं पुढे सुटलं, त्या मुलांचंही सुटण्याकडे कल दिसला. नातेवाइकांचं टिकलेलं असेल तर मुलाचंही टिकण्याची शक्यता जास्त. म्हणून 'कुणी होतं का' एवढंच विचारू नका. 'त्याचं पुढे काय झालं' तेही विचारा.

२०१० मध्ये अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना यांच्या गटाला अडखळण्याशी संबंधित असे जीएनपीटीएबी या जनुकातले बदल सापडले. सुरुवात पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून झाली होती. अर्थात असे बदल थोड्याच लोकांत असतात. आई रागावल्याने किंवा दुसऱ्याची नक्कल केल्याने हे लागतं, ही समजूत कृपा करून सोडा. ऋतूच्या आई, काकांचं सुटलं ही चांगली खूण आहे, पण नुसत्या तिच्या भरवशावर राहू नका. तो बोलणं टाळू लागला किंवा महिनोन्महिने हे चालूच राहिलं, तर उपचार सुरू करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी होते.

सोलापूरची सून
स्थळं बघताना माझ्या आईने सांगितलं होतं, "मुलगी अबोल आहे." मी अबोल नव्हते, अडखळत होते. मामाही तसाच. मुलगी चार वर्षांची असताना अडकू लागली तेव्हा सासरी ऐकवलं गेलं, "तुझ्याकडून आलं." मी म्हटलं, "हो, माझ्याकडून आलं, आणि तिला काय वाटतं ते या घरात मलाच सगळ्यांत आधी कळणार आहे." तिचं पुढे सुटलं. मामाचं आणि माझं नाही. लपवालपवीचा मला अजून राग येतो, कारण लपवलं नसतं तर मामाकडे मी लहानपणीच गेले असते.

न्यू जर्सीहून
शाळेतून सल्ला आला, घरी मराठी बंद करा. थेरपिस्ट म्हणाल्या, दोन भाषांमुळे अडखळणं होत नाही, आजीशी बोलणं तोडू नका. आम्ही तोडलं नाही.

जुळ्यातला एक, कोल्हापूर
आम्ही एकसारखे जुळे, दोघंही अडखळायचो. आई तीच, घर तेच, वर्गही तोच. भावाचं शाळेत असतानाच सुटलं, माझं राहिलं. नोकरीच्या मुलाखतीला बसलो की मी पहिल्यांदा सांगतो, "मी अडखळतो, वाक्य मला पुरं करू द्या." बहुतेक जण करू देतात.