अनुभव धागा: रेडिओवर गाणं आणि कविता ऐकलेली संध्याकाळ

ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींनो, आकाशवाणीवर शास्त्रीय गाणं किंवा काव्यवाचन मुद्दाम बसून ऐकलंय का कोणी? असेल तर लिहा. 'गेले ते दिवस' नको प्लीज, काय ऐकलं, कुठे, कोणाबरोबर ते सांगा.

सुरुवात मीच करतो. नौपाड्यात आमच्या चाळीत शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, हा कार्यक्रम 1952 पासूनचा, दिल्लीहून सगळीकडे एकदम. मीडियम वेव्हवर ट्यूबलाइट लावली की घरघर सुरू, म्हणून बाबा दिवा घालवायचे, आणि सेट तिरका फिरवत बसायचे कारण आतल्या फेराइटच्या दांडीला, म्हणजे सेटच्या अँटेनाला, दिशा कळते, एका कोनात खरखर एकदम खाली जाते. अंधारात कोणाला पुस्तक उघडता यायचं नाही की भाजी निवडता यायची नाही, गाणंच ऐकावं लागायचं. बागेश्री, दरबारी, मालकंस मी असेच ओळखायला शिकलो, आणि वेळ रात्रीची असल्यामुळे राग पण रात्रीचेच. आता प्लेलिस्टमध्ये दुपारी दोनला दरबारी लागतो, मला नाही जमत बुवा.

कोपरीकर: काका, साथीला काय असायचं ते लक्षात आहे का? आमचे गुरुजी हार्मोनियमवाले, ते हा विषय निघाला की तापायचेच. 1940 पासून रेडिओवर पेटीला बंदी होती, कारण काय तर तिचे सूर ठरलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) नाहीत. बंदी उठली थेट सत्तरीच्या दशकात. पण गुरुजी हेही कबूल करायचे की त्यामुळे सारंगीवाल्यांना काम राहिलं. मला स्वतःला ख्यालामागे सारंगीच आवडते, पेटी शिकलो असूनही. गुरुजींना हे कधी सांगितलं नाही.

नेरुळवाली: मी तुमच्या मानाने लहान आहे आणि मीडियम वेव्ह वगैरे मला माहीत नाही, पण ऑफिसातून येताना ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये मोबाईलवर आकाशवाणीचं 'रागम' चॅनेल लावते. 26 जानेवारी 2016 ला सुरू झालं, चोवीस तास फक्त शास्त्रीय. एकदा मारवा राग लागलेला, षड्ज, म्हणजे सा, येतच नाही, येतच नाही असं वाटत राहतं ना त्यात, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. शेजारच्या मावशींनी विचारलं काय झालं गं, तर मी म्हटलं सा राहिला. त्या जरा सरकूनच बसल्या.

वाशीचा मध्यमा: कवितेवर कोणीच बोलत नाहीये. पाडगावकर आकाशवाणीतच नोकरीला होते, हे किती जणांना माहीत आहे? विंदा, बापट आणि ते असे तिघे गावोगाव काव्यवाचनं करायचे, सभागृहात वाहवा मिळायची. रेडिओवर समोर कोणी नाही, दाद नाही. ऐकणाऱ्याला पान उलटून मागेही जाता येत नाही, त्यामुळे चांगला कवी महत्त्वाची ओळ दोनदा म्हणतो आणि दुसऱ्यांदा थोडी हळू. मी आता मुलांना शाळेत कविता शिकवताना तेच करतो.

घोडबंदर: खरं सांगू? मला कंटाळा यायचा. आजोबांमुळे ऐकावं लागायचं. विलंबित, म्हणजे संथ भाग, संपेपर्यंत झोप लागायची आणि द्रुतला, जलद भागात, तबला वाढला की जाग, म्हणजे निम्मंच ऐकलंय सगळं. कविता मात्र आवडायच्या, छोट्या असतात म्हणून असेल.

कोपरीकर: हाहा, घोडबंदर, द्रुतला जाग येते म्हणजे कान चांगला आहे तुमचा.

नेरुळवाली: नौपाडावाले काका, सेट तिरका करायची आयडिया आत्ताच करून बघितली, आईच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर. एलईडी आणि चार्जर दोन्ही बंद केल्यावर खरंच स्टेशन लागलं. फक्त बातम्या चालू होत्या. गाणं किती वाजता असतं कोणी सांगा.