बीएमडब्ल्यू एक्स ५ ची ट्रान्सफर केस थरथरतेय: नुसतं ऑइल बदलायचं, की केसच उतरवायची?

वाटाड्या
ई ७० पिढीतली एक्स ५ (२००६ ते २०१३) जुन्या बाजारात बऱ्यापैकी आवाक्यात आलीय आणि तिच्यासोबत तिचं ठरलेलं दुखणंही येतं. लाखभर किलोमीटर झाले की ३० ते ६० च्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, रस्त्यावरच्या पांढऱ्या उंचवट्यांवरून गेल्यासारखी थरथर सुरू होते. पूर्ण स्टिअरिंग वळवून पार्किंगमधून निघालं की कुणी हँडब्रेक ओढून ठेवल्यासारखी गाडी अडते. बऱ्याच वर्कशॉपचं यावरचं उत्तर ठरलेलं: असेंब्ली, म्हणजे अख्खी केस, बदला.

मला हे पटत नाही. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. तिच्या आत काय आहे ते आधी बघा. मागच्या चाकांना जोर थेट जातो. पुढच्या चाकांना तो ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटांमधून आणि मग चेनमधून जातो. त्या प्लेटा दाबते एक छोटी सर्व्हो मोटर. नेहमीची वाटणी पुढे ४० आणि मागे ६० टक्के, म्हणजे प्लेटा सतत थोड्याफार घसरत असतात. घसरण गुळगुळीत ठेवायचं काम ऑइलमधल्या घर्षण सांभाळणाऱ्या रसायनांचं. ती संपली की प्लेटा चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. तीच ती थरथर. मग ज्याचा दोष आहे ते आधी बदला: टीएफ ०८७० ऑइल, एक लिटरची बाटली पुरते. लाखांचा खर्च त्यानंतर.

चेनवाला
ऑइल बदलून थरथर जाते हे खरं. किती दिवस, ते मात्र कुणी लिहीत नाही. चिकट-सुट करत वीस हजार किलोमीटर पळालेल्या प्लेटा काचेसारख्या चकचकीत झालेल्या असतात. त्यांना नवं ऑइल दिलं की पृष्ठभाग तात्पुरता ओला होतो आणि दोन-चार महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

शिवाय केसमध्ये फक्त क्लच नसतो. चेन ताणते, आणि ताणलेली चेन चढावर जोर दिला की दात सोडून उडी मारते: 'कडाक्', अगदी पायाखाली. त्यावर कुठलंही ऑइल नाही. मागच्या आउटपुटचं बेअरिंग आणि सील तेवढंच वय झालेलं असतं. केस एकदा उतरवायचीच असेल तर दुरुस्त करून हमीसह मिळणारी बसवा आणि विषय संपवा. दर सहा महिन्यांनी लिफ्टवर गाडी चढवायचे पैसे मोजले तर फरक वाटतो तेवढा राहत नाही.

टायरपुराण
दोघेही आजारी माणसाला औषध देताय, पण तो रोज काय खातो ते विचारत नाही.

साधा हिशेब. २५५/५० आर १९ टायरचा व्यास सुमारे ७३८ मिमी, परीघ २३१७ मिमी. एका किलोमीटरला साधारण ४३१.५ फेरे. नव्या टायरची नक्षी ८ मिमी खोल धरा. पुढे नवे आणि मागे ४ मिमी उरलेले टायर असतील तर मागचा व्यास ८ मिमीने कमी, फेरे ४३६ च्या वर. म्हणजे दर किलोमीटरला जवळपास पाच फेऱ्यांचा फरक आणि तो सगळा त्या प्लेटांनी घसरून भरून काढायचा. मुंबई-पुणे एका फेरीत सातशे. यात वळणं धरलेलीच नाहीत.

टायरच्या दुकानात 'दोनच बदला साहेब, पुढचे अजून चालतील' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. साध्या गाडीला चालेल, हिला नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, जमलं तर बाजूवर ताऱ्याची खूण (बीएमडब्ल्यूची मान्यता) असलेले. नक्षीतला फरक दोन मिमीच्या आत ठेवा. आणि हवा! पुढच्या-मागच्या प्रेशरचे आकडे दाराच्या चौकटीवर छापलेले असतात, तरी पंपावर चारही चाकांत सरसकट ३५ भरून घेतात.

चेनवाला
हिशेब बरोबर, पण एक सुधारणा. क्लच प्रत्येक क्षणी पूर्ण दाबलेला नसतो. हायवेवर स्थिर वेगात दाब कमी असतो, त्यामुळे सातशे फेरे म्हणजे सातशे फेऱ्यांची सारखी झीज नव्हे. खरी वाट लागते ती कमी वेगात, जास्त जोरात, वळणावर: घाट, बेसमेंटचा रॅम्प, चिखल. अवांतर: मागे ३१५ आणि पुढे २७५ रुंदीचे टायर बघून लोक घाबरतात. २७५/४० आणि ३१५/३५ आर २० यांचा व्यास जवळजवळ सारखाच, ७२८ मिमीच्या आसपास. रुंदीने काही बिघडत नाही, परिघाने बिघडतं.

आठ नंबर पाना
वाद घालण्याआधी निदान करा की. पाच मिनिटांचं काम आहे. सर्व्हो मोटरचा कनेक्टर काढा आणि तोच रस्ता, तोच वेग. डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी होईल, होऊ द्या. क्लच मोकळा राहतो, गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. थरथर गेली तर दोष ट्रान्सफर केसच्या क्लचकडे. तशीच राहिली तर केसला हात लावू नका: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर, गिअरबॉक्सचं माउंटिंग, शाफ्टचं मधलं बेअरिंग बघा. दोन्हींची थरथर सीटवर बसून ओळखता येत नाही, आणि इथेच लोकांचे पैसे बुडतात.

एक पळवाट या चाचणीतही आहे. मोटर दाबलेल्या स्थितीतच अडकली असेल तर कनेक्टर काढूनही क्लच सुटत नाही आणि निष्कर्ष उलटा निघतो. म्हणून सरळ चालवून झाल्यावर पूर्ण स्टिअरिंग वळवून सावकाश गोल फिरवा. अजून अडत असेल तर क्लच मोकळा झालेला नाही.

गिअरदात
मोटरचं इतकं उरकून टाकू नका. ई ८३ एक्स ३ आणि आधीची ई ५३ एक्स ५ यांत तर खरा गुन्हेगार बऱ्याचदा तीच. आत एक प्लास्टिकचं गिअर आहे, त्याचे दात झिजतात किंवा तुटतात. ओळख सोपी: गाडी बंद केल्यावर काही सेकंद खालून 'कट-कट-कट' येतं, कारण मोटर बंद होताना आपली जागा तपासू बघते आणि गिअर दातांवरून घसरतं. सोबत फोर बाय फोर, एबीएस आणि डीएससीचे (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवे. याला केस लागत नाही, गिअर लागतं. सुटं मिळतं, काही हजारांत काम होतं आणि केस गाडीतच राहते.

दोन सूचना. पहिली, पितळी गिअर बसवू नका. प्लास्टिक मुद्दाम कमजोर कडी आहे. पितळ टिकेल, पण मग झटका मोटरच्या वर्मवर (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरवर) जाईल. दुसरी, भंगारातून दुसरी मोटर आणून बसवणाऱ्यांसाठी: मोटरवर एक छोटा कोडिंग रेझिस्टर असतो. क्लच किती दाबायचा हे कंट्रोल युनिट त्यावरून ठरवतं आणि तो तुमच्या केसशी जुळलेला असतो. दुसरी मोटर लावताना जुना रेझिस्टर तिच्यावर चढवा. नाहीतर सगळं नवं बसवूनही क्लच कमी किंवा जास्त दाबला जाईल आणि दोष शोधत बसाल.

वाटाड्या
रेझिस्टरचा मुद्दा शंभर टक्के. चेनवाला, तुमच्या 'दोन-चार महिन्यां'वर येतो. ऑइल बदलून फायदा टिकत नाही, कारण बदलतात अर्धवट.

गाडी आधी वीसेक मिनिटं चालवून ऑइल गरम करा. लिफ्टवर गाडी समतल हवी, तिरकी नको. पहिला सोडायचा तो भरायचा बोल्ट. तो अडकून बसला आणि खालचा आधीच उघडला असेल तर गाडी तिथेच मुक्कामाला. मग खालचा सोडा आणि निदान अर्धा तास निथळू द्या, प्लेटांमध्ये अडकलेलं ऑइल सावकाश उतरतं. बोल्ट नवे लावा. वरच्या भोकातून ऑइल बाहेर वाहू लागेपर्यंत भरा, त्यापुढे मापाची गरज नाही. नंतर मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठचा आकडा काढत दोन्ही बाजूंना दहा-बारा फेऱ्या मारा, म्हणजे नवं ऑइल प्लेटांमध्ये शिरतं. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर हेच पुन्हा एकदा. पहिल्या वेळी जुनं ऑइल थोडं आत राहतंच, दुसऱ्या वेळी खरं स्वच्छ होतं.

आणि बहुतेक जण विसरतात ते: कंट्रोल युनिट ऑइल किती झिजलं याचा हिशेब स्वतः ठेवतं. आयस्टा (बीएमडब्ल्यूचं तपासणी सॉफ्टवेअर) लावून तो शून्यावर आणा. नाहीतर नवं ऑइल घालूनही गाडी जुनंच समजून चालते.

गिअर ऑइल किंवा साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) घालणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. डिफरन्शियलचं जीएल-५ ऑइल दात वाचवायला बनवलंय. क्लच प्लेटांना त्यातली रसायनं चालत नाहीत, थरथर वाढते. पुढच्या काळातल्या केसेसना डीटीएफ-१ ऑइल लागतं. बाटली घेण्याआधी केसचा नंबर बघा, गाडीचं मॉडेल नव्हे.

चेनवाला
पद्धत मान्य. मग निघालेल्या ऑइलकडेही बघा, तेच निकाल देतं. काळपट पण बोटावर गुळगुळीत, तळाला राखाडी लगदा: प्लेटांची नेहमीची झीज, तुमचा उपाय करून बघायला हरकत नाही. बोटाला टोचणारे चमकते तुकडे निघाले तर चेन किंवा बेअरिंग. तिथे नवं ऑइल म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ऑइल लस्सीसारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय.

आणि एक गोष्ट या धाग्यात कुणीच काढली नाही. पुढच्या शाफ्टची स्प्लाइन, म्हणजे केसमध्ये अडकणारं त्याचं दातेरी टोक. ग्रीस वाळतं, गंज धरतो, दात झिजतात. घरघर येते, मग एके दिवशी आवाज बंद आणि पुढची चाकं जोराविना. लोक याला 'ट्रान्सफर केस गेली' म्हणतात आणि केस बदलतात, शाफ्ट मात्र तोच जुना! तपासायचं असं: शाफ्ट आणि आउटपुट या दोघांवर एका रेषेत पेंटची खूण करा, कच्च्या चढावर थोडी चालवा, परत बघा. खुणा सरकल्या तर स्प्लाइन घसरतेय. केसच्या बाजूचे दात शाबूत असतील तर फक्त शाफ्ट बदला. हे मीच, केस बदलायचा आग्रह धरणारा, लिहितोय याची नोंद घ्यावी.

मागचीचाकं
एवढा खटाटोप कशाला? कनेक्टर काढून ठेवायचा, गाडी मागच्या चाकांवर चालवायची. पुण्या-मुंबईत बर्फ पडत नाही.

आठ नंबर पाना
वर्कशॉपची तारीख मिळेपर्यंत आठवडाभर ठीक, कायमचं नको. दिवे लागलेले राहतात म्हणजे डीएससी पूर्ण शुद्धीवर नाही. दोन टनांवरची गाडी, टॉर्कवाला डिझेल आणि जुलैमधला ताम्हिणी: बर्फाची गरजच काय? वर दिवे कायम पेटलेले असले की एबीएसमध्ये खरा बिघाड झाला तरी कळणार नाही.

जुनी घेणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवा: इग्निशन चालू करताच फोर बाय फोरचा दिवा क्षणभर लागून विझतो का ते बघा. लागलाच नाही तर कुणीतरी तो लपवलाय. खाली वाकून मोटरचा कनेक्टर जागेवर आहे का तेही बघा, फुकट आहे.

टायरपुराण
पाणी गेलेल्या केसबद्दल. तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की गरम केस अचानक थंड होते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) पाणी आत ओढते. ऑइल पांढरट दिसलं तर उशीर नको, पाणी मुरलेल्या प्लेटांचं अस्तर सुटतं. अशा वेळी ऑइल एकदा नाही, लागोपाठ दोन-तीनदा, प्रत्येक वेळी थोडं चालवून. पुढचा डिफरन्शियलही उघडून बघा, पाणी एकट्या केसला भेटायला येत नाही.

चेनवाला
केस बदलायचीच वेळ आली तर शेवटची गोष्ट, कारण इथेही चुकतात. दुरुस्त केसवर वर्गवारीचा, म्हणजे तिचा क्लच किती दाबायचा हे सांगणारा, आकडा असेल तर तो कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो. भरला नाही तर नवी केसही पहिल्या दिवसापासून थरथरू शकते आणि विकणारा म्हणेल तुमचे टायर खराब.

टायरपुराण
आणि ते नेमके खराब निघतील.

वाटाड्या
😄 म्हणून केसची ऑर्डर देण्याआधी चारही चाकांची नक्षी मापून फोटो काढून ठेवा. हमी मागताना पहिला प्रश्न तोच येतो.